डावीकडेच वळणाऱ्या गाड्या

त्या रविवारी इथे परदेशात, माउंट रॉस्किल या उपनगरातल्या एका भाड्याच्या घरात आम्ही सात-आठ मराठी माणसं जेवायला जमलो होतो. यजमान पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. इथे तो सॉफ्टवेअर तपासायचा. त्याची बायको नर्स. पापाटोएटोए या दुसऱ्या उपनगरातल्या एका क्लिनिकने तिला रुग्णांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं काम देऊ केलं होतं. अट एकच, लायसन्स. टेस्टमध्ये ती एकदा नापास झाली होती. दुसरी टेस्ट सोमवारी होती, आणि क्लिनिक तिसरीसाठी थांबणार नव्हतं.

जेवण झालं की सरावाला ने, असं ती नवऱ्याला सकाळपासून सांगत होती. शेजारी फुल लायसन्सवालं कोणी असल्याशिवाय तिला गाडी काढता येत नव्हती. नवऱ्याने मात्र भाड्याने डीव्हीडी आणली होती: स्टॉक कार शर्यतींवरचा हॉलिवूडचा सिनेमा.

"हे बघ. दोन तासांत ड्रायव्हिंग कळेल," तो म्हणाला.

सिनेमात सांगण्यासारखं फार काही नव्हतं. नायकाचे वडील वारलेले असतात, म्हणून तो वेगात जातो. गाडीवर इतक्या जाहिराती, की मूळ रंग दिसत नाही. प्रेयसी कठड्याशी उभी राहून डोळे मिटते. तिला एवढंच काम. मैदान लंबगोल. सगळ्या गाड्या सतत डावीकडे वळतात आणि समोरून कधीच कोणी येत नाही. अशा रस्त्यावर शूर व्हायला फारसं काही लागत नाही.

यजमान रिमोटने चित्र थांबवून शिकवत होता. "हात बघ त्याचे! तू स्टिअरिंग धरतेस, जसं काही गरम पातेलंच."

पुरुषमंडळी हसली. सोफ्यावरचा एक फार्मासिस्ट म्हणाला, "वहिनी, उद्या इन्स्पेक्टरला सांगा, जपमाळ घेऊन बस!"

श्रीखंडाचं भांडं तिने टेबलावर ठेवलं आणि मला विचारलं, "ताई, तुमचं फुल लायसन्स आहे ना?"

आम्ही निघालो तेव्हा पडद्यावर दोन गाड्या एकमेकींना घासत होत्या. दाराकडे कोणी पाहिलं नाही.

त्या काळी इथे विचित्र नियम होता. डावीकडे वळणाऱ्याने थांबायचं आणि समोरून येऊन त्याच रस्त्यात उजवीकडे वळणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पहिल्याच वळणावर ती थांबली नाही. समोरच्याने करकचून ब्रेक मारला आणि हात वर केला.

"मागच्या टेस्टला हेच झालं," ती म्हणाली. "नियम पाठ आहे हो, ताई. पायाला माहीत नाही. डावं वळण म्हटलं की तो घुसतोच."

पुण्यात आम्ही सगळेच असे घुसत आलो होतो. मग आम्ही त्याच चौकात फिरत राहिलो. ती वळणापाशी आली, की मी फक्त "समोर" म्हणत होते. हळूहळू ते म्हणायची गरज उरली नाही.

परतलो तेव्हा सिनेमा संपला होता. नायक जिंकला असावा.

"कुठे होतीस? चहा टाकतेस ना?" यजमान म्हणाला.

सोमवारी ती पास झाली. पुढच्या जेवणाला यजमानाने सगळ्यांना ऐकवलं, "सिनेमाचा फायदा झाला की नाही हिला?"

"झाला ना," ती भात वाढत म्हणाली. "त्याने तुला घरात बसवून ठेवलं."