निरोप समारंभ आधीच झाला होता

मृणाल मला कॉटेजच्या मागे नारळाच्या वाडीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या रियाला हे जमत नाहीये."

"हे म्हणजे काय?" मी विचारलं.

तिने ओसरीकडे पाहिलं. तिथे दर्शना बादलीतले कपडे पिळत होती. दहा वर्षांची पोर. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण सकाळी उठून आपले कपडे आपण धुवायचे ही आमच्या संस्थेची शिस्त. तिने आपल्याबरोबर नव्या आईबाबांचे आणि नव्या बहिणीचेही धुवून टाकले होते. रिया आत दार लावून बसली होती. माझ्या वस्तूंना हिने हात का लावला, एवढंच ती म्हणत होती.

मी अलिबागजवळच्या एका बालगृहात सोशल वर्कर आहे. दत्तक जाणाऱ्या मुलांचं काम माझ्याकडे असतं. तान्ह्या बाळांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायला तयार असतात. पाच-सहा वर्षांच्या पुढे गेलेल्या मुलाला आमच्याकडे 'ओल्डर चाइल्ड' म्हणतात, आणि त्याची चौकशीसुद्धा क्वचित होते. दर्शना तर दहाची. उरणकडची, आईवडील मिठागरावर कामाला. दोघंही गेले आणि नातेवाइकांनी हात वर केले. अशा मुलीला कॅनडातल्या एका मराठी जोडप्याने दत्तक मागितलं, तेव्हा मला खरंच वाटेना. मृणाल, तिचा नवरा समीर आणि त्यांची स्वतःची अकरा वर्षांची रिया.

काही महिने व्हिडिओ कॉल झाले. रियाने तिची खोली दाखवली, वर-खाली दोन पलंग दाखवले. "खालचा तुझा," ती अडखळत मराठीत म्हणाली. त्या दिवशी दर्शना जेवली नाही, नुसती नाचत होती. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू?

मग तिघं आली. आदेश व्हायचा होता. आदेश म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. तो झाला की मूल कायद्याने त्यांचं. त्याआधी काही दिवस मुलाला त्यांच्याबरोबर राहायला देता येतं, त्याला फॉस्टर केअर म्हणतात. त्यासाठी त्यांनी किहीमला कॉटेज घेतलं.

आमच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. "शनिवारी निरोप समारंभ ठेवू. प्रमुख पाहुण्यांना तीच तारीख जमतेय."

"सर, आदेश होऊ द्या. अजून काही पक्कं नाही."

"मॅडम, तुम्ही ना चांगल्या कामाला नाट लावता. एवढ्या लांबून माणसं आलीत, ती काय तशीच परत जाणार आहेत?"

समारंभ झाला. केक, शाल, भाषणं, फोटो. पण खरा निरोप वेगळाच असतो आणि तो मुलं आपापसात करतात. जाणाऱ्या मुलाने आपलं सगळं मागे राहणाऱ्यांना वाटून टाकायचं. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. दर्शनाने खिडकीजवळची कॉट छोट्या सोनलला दिली. कप्पा, क्लिपा, चपला, शाळेची वॉटरबॅग, सगळं देऊन टाकलं. अंगावरच्या नव्या फ्रॉकात आणि समीरने आणलेल्या बुटांत ती गाडीत बसली.

किहीमला पहिले दोन दिवस छान गेले. मग ओहोटीच्या वेळी सगळे समुद्रावर गेले. दर्शनाने पायाच्या बोटांनी वाळू चाचपून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढल्या. मृणालची हॅट भरली आणि म्हणाली, "आई, आज याचं कालवण." ती पहिल्यांदाच आई म्हणाली होती. रियाने हॅट ओढून घेतली आणि सगळ्या तिसऱ्या पाण्यात फेकल्या. जिवंत आहेत त्या, म्हणाली. दर्शनाने तिला ढकललं. लागलं काहीच नाही. पण तेव्हापासून रियाने जेवण सोडलं, आणि दर्शनाने मृणालचा हात सोडला नाही. झोपेतसुद्धा सोडला नाही म्हणे.

हे सगळं मला त्या वाडीत कळलं. असं होतंच, मी सांगितलं. दोन मुली आहेत, वेळ द्या. कौन्सेलर बोलावते, हवं तर मी इथे येऊन राहते. तेवढ्यात समीर आला.

"मॅडम, आम्ही खूप विचार केला. शेवटी आम्हाला आमच्या मुलीचं बघायला हवं."

"कोणत्या मुलीचं?"

त्याने दर्शनाची फाइल माझ्या हातात दिली.

"मग हे दर्शनाला तुम्ही सांगा," मी म्हणाले.

मृणाल रडायला लागली. "तुम्हीच सांगा ना. आमच्याने बघवणार नाही."

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली, आजही येत नाही. रियाचा मात्र मला राग नाही. तिला बहीण हवी होती, आईची वाटेकरी नको होती. हा फरक अकरा वर्षांच्या पोरीला कोणीतरी विमानात बसायच्या आधी समजावायला हवा होता.

आदेशाआधी असं मोडलं तर कागदोपत्री त्याला 'डिसरप्शन' म्हणतात. कुठल्याही अहवालात बसेल असा चकचकीत शब्द.

शेवटी मीच तिला सांगितलं. परतताना रिक्षात दर्शनाने विचारलं, "ताई, मी काय केलं?"

"काही नाही."

"मंग?"



संस्थेत आलो तर सोनल आपणहून उठली आणि कॉटवरची चादर गोळा करायला लागली. दर्शना म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दिलं ते दिलं." नवीन कॉट येईपर्यंत ती चटईवर झोपली. क्लिपासुद्धा परत घेतल्या नाहीत. अध्यक्षांना फोटोंची काळजी होती, कारण ते छापून आले होते.

पुढच्या वर्षी नाशिकच्या एका जोडप्याने तिला मागितलं. शांत माणसं, घरात दुसरं मूल नाही. मोठ्या मुलाची संमती कायद्याने घ्यावी लागते. मी तिला त्यांचा फोटो दाखवला. तिने बराच वेळ पाहिला.

"घरान पोर हाय त्यांच्या?"

"नाही."

"मंग तर खरंच न्यायला येतील ते. चांगले दिसतात." फोटो तिने माझ्या हातात ठेवला. "पन मी न्हाय जात."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, समजवा तिला. पोरीचं कल्याण होईल." मी समजावलं. रागावले, लाडीगोडी केली, मीही रडले. आता आमच्याकडे समारंभ आदेशानंतरच होतो, हे अध्यक्ष सगळ्यांना अभिमानाने सांगतात. परदेशातून कुटुंब येणार असेल, तर मी आधी त्यांच्या मुलाशी एकट्याने बोलते आणि मगच आमच्या मुलाला फोटो दाखवते. या कामातून शिकलेलं एवढंच. दर्शनाला त्याचा काही उपयोग नाही.

समजावून थकले त्या दिवशी मी तिला शेवटचं विचारलं, "मग नाशिकच्यांना काय कळवू?"

"सांगा, लहान बाळ घ्या," ती म्हणाली. "त्याला परत आनलं तरी कलत न्हाय."