हज्जन हुरमतबीची फुंकर

तारापूरच्या हुरमतबीने तीस वर्षं गावोगाव हिंडून बायकांच्या हातांत बांगड्या भरल्या. सातपाटीच्या कोळणींपासून बेटेगावच्या सुनांपर्यंत सगळ्यांची गाऱ्हाणी तिला पाठ, आणि तोंड असं चालू की हात कधी मोकळा झाला ते समोरच्या बाईला कळायचंही नाही. चौऱ्याऐंशी साली ती भावाबरोबर जहाजाने हजला गेली. तिची सून शमीम तेव्हा लग्नानंतर नऊ वर्षांनी पोटुशी होती. काब्यासमोर म्हातारीने पदर पसरला तो तिच्यासाठीच.

परतताना जहाजात जो तो खोकत होता. हजचा खोकला हा, असं एकमेकांना सांगून सगळे हसायचे. घरी पोचली तेव्हा नातू वीस दिवसांचा झाला होता. नव्या हाजीची दुवा चाळीस दिवस वाया जात नाही, ही मोहल्ल्याची पक्की समजूत. ओटीवर रीघ लागली. कुणी पाण्याचा पेला पुढे करी, कुणी तापलेलं पोर. हुरमतबी खोकला आवरून दुवा पुटपुटायची आणि फुंकर घालायची.

तापाने अंग मोडून आलं तेव्हा ती एकटीच बोईसरच्या डॉक्टरकडे गेली. त्याने छाती तपासून न्यूमोनिया सांगितला, कॅप्सूल दिल्या, आणि घरात तान्हं आहे म्हटल्यावर बजावलं की पंधरा दिवस त्याच्याजवळ फिरकायचं नाही. म्हातारीचं डोकंच फिरलं. म्हणे मी मक्केहून रोग आणला! चार कॅप्सूलनी ताप उतरला, उरलेल्या तिने फळीवर टाकल्या, आणि डॉक्टरचं बोलणं घरात कुणाला सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात शमीमने बाळ पुढे धरलं. साऱ्या गावाला दुवा दिलीत, घरच्याला कधी देणार, म्हणाली. हुरमतबीचा हात थबकला. तिथेच थांबली असती तर! पण नऊ वर्षं जिची वाट पाहिली ती इवलीशी जिवणी बघून तिला राहवेना. तिने बाळ ओठांशी धरलं आणि सावकाश तीनदा फुंकर घातली.

चौथ्या दिवशी बाळाला धाप लागली, पोट उडू लागलं. पालघरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दफन करून पुरुष परतले. हुरमतबी भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी आपल्याला बोल लावावा असं तिला फार वाटत होतं. शमीम आली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "अम्मी, तुमी रडू नका. तुमची दुवा घेऊन गेला तो. कितीक पोरांना तेवढा पन मिलत नाय."

आता सांगायचंच, म्हणून हुरमतबीने तोंड उघडलं. पण सुनेने तिचा हात आपल्या पोटावर ठेवला आणि पुढच्या बाळासाठी फुंकर मागितली. हुरमतबीने ती घातली, आणि बाकीचं गिळलं.