दाजींची पेटी आणि एक बैल

सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा अक्काचा फोन आला. इंदापुरात माझं औषधांचं दुकान आहे, आणि शटर अर्धं वर असताना फोन उचलायचा नाही हा माझा नेम. पण अक्का इतक्या सकाळी कधी फोन करत नाही. ती म्हणाली, "ह्यांनी अजून चहा घेतला नाही रे. उठतच नाहीयेत." आवाजात रडं नव्हतं. तिला कळलं होतं, आणि तिच्या त्या आवाजावरून मलाही कळलं. इंदापूर-बारामती हा रस्ता मी गेली पंचवीस-तीस वर्षं जीव खाऊन काटत आलोय. शेजारी बसलेले दाजी म्हणायचे, "पाव्हणं, बारामती कुठं पळून चाललीय का?" त्या सकाळी मात्र मी गाडी चाळीसच्या वर नेली नाही. लवकर पोहोचून दाजी थोडेच भेटणार होते...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वसंतराव. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी केली. रसात साखर किती, हे दिवसभर मोजायचं, आणि सुट्टीच्या दिवशी लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचं. बारामतीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथल्या अडगळीतून त्यांनी हा कॅमेरा उचलून आणला होता. पुढं भिंग, मागं दुधी काच, मधे भात्यासारखा लांबणारा कातडी पडदा, खाली तीन टोकदार पायांची लाकडी घोडी. आम्ही सगळे त्याला पेटीच म्हणायचो. सगळं जग मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो काढू लागलं, तेव्हा आमचे दाजी काळ्या फडक्यात डोकं घालून अर्धा तास घालवायचे आणि एक फोटो काढून घरी यायचे, तोही काळापांढरा. मी त्यांना विचारायचो, की दाजी, रंगांशी तुमचं काही वैर आहे का. ते नुसते हसायचे.

एवढ्या मोठ्या कॅमेऱ्याची फिल्म मिळणं मुश्कील, आणि मिळाली तरी ती जपून वापरायची. इथं मी त्यांच्या कामी आलो. दवाखान्यांतले एक्स-रे कॉम्प्युटरवर दिसू लागले आणि जुन्या फिल्मची खोकी कपाटांत पडून राहिली. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडून मी ती गोळा करायचो. स्वयंपाकघरामागच्या कोठीत लाल दिवा लावून दाजी ती फिल्म मापात कापायचे. या फिल्मची एक खोड होती. तिला लाल रंग दिसतच नाही. त्यामुळं कुंकू कोळशासारखं काळं यायचं, लाल फेटा काळा, आणि उन्हानं रापलेला चेहरा आणखी दोन हात काळा. "मला एवढी काळी केली व्हय?" ही तक्रार दाजींनी जन्मभर ऐकली. पण त्या काळेपणात माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उमटायची. हातात फोटो आला की माणूस आधी रुसायचा आणि मग बराच वेळ त्याच्याकडं बघत बसायचा.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, फोटो माणसाच्या कामाच्या जागीच काढायचा. न्हाव्याला खुर्चीशेजारी, गुऱ्हाळवाल्याला काहिलीजवळ, मास्तरणीला फळ्यापुढं. नवे कपडे घालून, भिंतीला पाठ लावून उभं राहिलेलं माणूस त्यांना चालायचं नाही. ते म्हणायचे, जागा काढून घेतली की माणूस निम्माच उरतो. दुसरा नियम, एका माणसाला एकच फिल्म. मी म्हणायचो, खोकी भरून फिल्म आणून दिलीय, दोन-तीन काढा की, एखादा तरी बरा येईल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, की दुसरी हाय म्हटलं की पहिलीकडं लक्ष राहत नाही. या दुसऱ्या नियमानं पुढं माझा घात केला... पण दाजींचंच म्हणणं जास्त बरोबर होतं.

सुप्याच्या बाजारात दोरखंड विकणाऱ्या एका बाईंनी त्यांना साफ नाही म्हणून सांगितलं होतं. काळा फोटो मेलेल्या माणसाचा असतो, हार घालायचा, मला अजून लई दिस जगायचं हाय, असं त्यांचं म्हणणं. दाजींनी वाद घातला नाही. त्यांनी बाईंच्या नवऱ्याला दोरांच्या ढिगाशेजारी बसवलं आणि बाईंना म्हणाले, जरा फडक्यात डोकं घालून बघा. मागच्या काचेवर चित्र उलटं पडतं. आतून पहिल्यांदा काहीच आवाज आला नाही, आणि मग बाई जी हसायला लागली ती थांबेना. "आमचं धनी उलटं लटाकल्यात!" मग धन्यालाही बायकोला उलटी बघायची होती, मग शेजारच्या कांदेवाल्याला, मग निम्म्या बाजाराला. मी घड्याळ बघत गाडीच्या किल्ल्या खुळखुळवत होतो. शेवटी बाई आपण होऊन दोरांत जाऊन बसल्या आणि चार सेकंद अशा स्तब्ध राहिल्या की मीसुद्धा किल्ल्या खुळखुळवायचा थांबलो. तो फोटो त्यांच्या घरात आजही आहे, हाराशिवाय.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसलोय. नरसिंहपूरच्या अलीकडच्या एका वस्तीवर निवृत्तीआबा सुतार राहायचे. ऐंशी ओलांडलेले. बैलगाडीची लाकडी चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. गाड्यांना रबरी टायर आले तसं ते काम गेलं, पण आबांचा लाकूड तासायचा वाकस काही थांबला नाही. मी असाच एकदा जोरात ब्रेक मारला आणि मागच्या सीटवरची पेटी खाली पडून तिची मागची चौकट फुटली. दाजी मला एका शब्दानं बोलले नाहीत. विचारत विचारत आम्ही आबांकडं पोहोचलो. आबांनी चार दिवस पेटी ठेवून घेतली आणि शिसवाचा तुकडा असा बेमालूम बसवला की सांध्यावर नख अडकत नव्हतं. मोबदला म्हणून त्यांनी एकच मागितलं. "माझा एक फोटू काडा ह्या पेटीत. आधार कार्डावरला हाय त्यो चोरावानी दिसतुया."

दाजींनी आबांना त्यांच्या छपरात उभं केलं. मांडीला टेकवलेलं लाकूड, हातात वाकस, मागं भिंतीला लावलेली जुनी चाकं. तोवर दाजींचे गुडघे गेले होते, त्यामुळं थोडं काम माझ्याकडं आलं होतं. फिल्म एका लाकडी फळीत असते आणि तिच्यावर सरकणारी झाकणपट्टी असते. पट्टीची एक कड पांढरी, दुसरी काळी. पांढरी बाहेर असली तर फिल्म कोरी, काळी बाहेर असली तर फोटो निघालेला. फोटो काढताना दाजी पट्टी ओढून माझ्या हातात द्यायचे. मी ती उलटवून, काळी कड बाहेर करून परत घालायची आणि फळी वेगळ्या पिशवीत ठेवायची. काम एवढंच. त्या दिवशी दुकानात माल यायचा होता आणि माझा फोन वाजत होता. एका हातानं फोन कानाला लावून मी दुसऱ्या हातानं पट्टी होती तशीच सरकवली आणि फळी कोऱ्या फळ्यांत टाकली. परतताना वाटेत उसाची बैलगाडी दिसली. दाजींनी गाडी थांबवायला लावली, मी हाताला आली ती फळी दिली, आणि आबांच्या फोटोवर उसाची गाडी निघाली.

तीन दिवसांनी दाजी बारामतीहून एसटीनं एकटेच दुकानात आले. धुतलेली फिल्म त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. आबांचे हात स्पष्ट होते, वाकसही स्पष्ट होता. मान जिथं संपते तिथून वर मात्र बैल. "आबांच्या तोंडावर बैल आलाय, पाव्हणं," एवढं बोलून त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि चहा मागवला. पुन्हा जाऊन काढू असं ठरलं. पण गळिताचा हंगाम होता, माझ्या सवडी जुळेनात, आणि महिन्याभरात आबाच गेले. आम्ही दहाव्याला गेलो. आबांचा मुलगा भानुदास यानं फोटोचं विचारलं, कारण घरात तो कार्डावरचाच मोठा करून लावला होता, आणि तो खरंच चोरासारखा दिसत होता. दाजी म्हणाले, "फोटो खराब झाला. माझ्या हातनं." मी शेजारी उभा होतो आणि मोबाइलमध्ये बघत होतो.

त्यानंतर दरवर्षी त्याच दिवसांत दाजी भानुदासच्या छपरात जात राहिले. आबा उभे होते तिथं त्याला उभं करायचे आणि एक फोटो काढायचे. मी गाडीतच बसून राहायचो, कुणाचा तरी फोन आल्याचं निमित्त करून. इकडं बारामतीत अक्काला मात्र चांगलंच कोलीत मिळालं होतं. कुणी पाहुण्यानं दाजींच्या काटेकोरपणाचं कौतुक केलं की ती हमखास म्हणायची, "काटेकोर कसले! आबांच्या तोंडावर बैल ह्यांनीच बसवला." सगळे हसायचे, दाजीही हसायचे. मी समोर बसलेलो असायचो. सहा वर्षांत दाजींनी अशा वेळी माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटायचं.

दाजींचा तेरावा झाल्यावर पंधरा दिवसांनी मी अक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. "सहा वर्षं मी त्यांना चारचौघांत बोलत होते, अन् तू समोर बसून ऐकत होतास?" तिनं तांदूळ बाजूला सारले. "आता मी चुकले, हे कुणाला सांगू, सुरेश?" माझ्या मनावरचं ओझं उतरवायला म्हणून गेलो आणि ते उचलून तिच्या डोक्यावर ठेवून आलो, असं मला परत येताना वाटत राहिलं. आठ दिवस तिनं माझा फोन घेतला नाही. नवव्या दिवशी तिचाच आला. नरसिंहपूरला जायचंय, गाडी घेऊन ये, म्हणाली.

वाटेत मी गाडी सावकाश चालवली. भानुदासला आम्ही येणार हे माहीत नव्हतं. तो छपरात चौकटीचं काम करत होता. दाजी गेल्याचं त्याला कळलं होतं, दहाव्याला तो येऊनही गेला होता. त्यानं रंधा खाली ठेवला, घरात चहाचं सांगितलं. अक्का पुढं झाली तसा तो घाईनं म्हणाला, "वहिनी, तितं पाय देऊ नगा." छपराच्या शेणानं सारवलेल्या जमिनीत तीन बारीक खळगे होते. दाजींच्या घोडीचे पाय सहा वर्षं त्याच जागी रोवले जात होते. सारवताना बायका तेवढी जागा मोकळी सोडतात, असं त्यानं सांगितलं. मी ते खळगे पहिल्यांदाच बघत होतो.

मग मी भानुदासला सगळं सांगितलं. पट्टी, फोन, आबांच्या दहाव्याला गप्प राहिलो ते. अक्का भिंतीवरच्या चाकांकडं बघत उभी होती. भानुदासनं मला पुरतं बोलू दिलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "म्या एकदा इचारलं हुतं त्यास्नी. ते म्हनले, पट्टी पाव्हण्यांनी घातली, पन चूक माझीच हाय. फोन कानाला असल्याला मानूस, त्याच्या हातात ती म्या दिलीच कशाला?"

दाजी मला झाकत होते असं मी सहा वर्षं धरून चाललो होतो. त्यांनी झाकलं काहीच नव्हतं. ते खरंच तसं मानत होते. मला ओळखून, माझी खोड पुरती माहीत असून त्यांनी मला बरोबर नेलं होतं, आणि त्यानंतरही नेत राहिले होते. मी आयुष्यात ज्या माणसांजवळ चार क्षण धड थांबलो असेन, ती सगळी मला दाजींनी दाखवली. आता दुकानात कुणी चिठ्ठी पुढं केली तर मी आधी तोंडाकडं बघतो. हे त्यांचंच देणं आहे, आणि हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

अक्का वळली. "म्हणजे मी बोलत होते ते बरोबरच होतं की," ती म्हणाली, आणि हसली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरला. चहा आला, तो तिनं हातात घेतला नाही. खळग्यांना वळसा घालून ती त्यांच्या मागं, दाजी उभे राहायचे तिथं, जाऊन उभी राहिली. आधी जरा डावीकडं, मग मधोमध.

"तू काम कर तुझं," ती भानुदासला म्हणाली. "ते काय बघायचे ते मला बघू दे."

भानुदासनं रंधा उचलला.