तेरा दिवसांचं तापमान

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. मी बीएस्सी झालेला, पंचवटीत राहणारा साधा माणूस. यात भूत नाही, चकवा नाही. आहेत ते फक्त आकडे... आणि माझा एक खोटेपणा, जो मी बायकोलाही बरीच वर्षं सांगितला नव्हता.

नव्वदचं दशक धरून अकरा वर्षं मी सुरगाण्याजवळच्या एका छोट्या हवामान केंद्रावर निरीक्षक होतो. केंद्र म्हणजे कुंपण घातलेला मोकळा तुकडा, पाऊस मोजायचं भांडं आणि झडपांची पांढरी लाकडी पेटी. पेटीत तापमापी. रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला पेटीचं कुलूप काढायचं, आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. अंगात ताप असताना, वाऱ्यानं छत्री उलटी होत असताना मी हे केलं आहे.

अपवाद तेरा दिवसांचा. १९९६च्या मार्चमध्ये वडील अचानक गेले. रजा मागितली असती तर बदली माणूस येईपर्यंत थांबावं लागलं असतं. मी कोणाला न कळवता नाशिकला निघालो. पेटीची किल्ली खिशात आणि रजिस्टर पिशवीत – म्हणजे मनात पाप तेव्हाच होतं. तेरावं उरकल्यावर दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरली आणि रजिस्टर मांडीवर घेऊन रोजचं किमान, कमाल असे सव्वीस आकडे एका दमात लिहून काढले.

त्यातला एक विचित्र होता. दहाव्याच्या दिवसापुढे कमाल तापमान मी २४.६ लिहिलं. आजूबाजूला सगळे पस्तीस, छत्तीस! त्या दिवशी मी रामकुंडावर होतो, तापलेल्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हते. मग २४.६ कुठून आलं? खोडणार होतो, पण रजिस्टरमध्ये खाडाखोड दिसली की वरून विचारणा होते. तसंच राहू दिलं.

२००७ साली अनघा नावाची एक संशोधक मुलगी पत्ता शोधत घरी आली. जुन्या वर्षांचं हवामान संगणकावर गणितानं पुन्हा उभं करतात – ते मॉडेल आणि केंद्रांवरच्या प्रत्यक्ष नोंदी ती ताडून बघत होती. तिनं टेबलावर आलेख पसरला.

"काका, तुमचे आकडे मॉडेलपेक्षा सतत दीड-दोन अंशांनी वेगळे येतात. फक्त या तेरा दिवसांत दोन्ही रेघा एकावर एक आहेत. दशांशासकट. हे २४.६ बघा... मॉडेलमध्येही तेच."

मी चहाचा कप बाजूला ठेवून तारखा पाहिल्या.

"आमचेच आकडे मॉडेलात घातले असतील," मी म्हणालो.

"नाही ना! तुमची रजिस्टरं कपाटात पडून होती, मीच पहिल्यांदा उघडली. मॉडेलला तुमचं केंद्र माहीतच नाही. काका, त्या दिवसांत तापमापी बदलली होती का? माझा अंदाज आहे की तेवढे दिवस ती बरोबर चालत होती. मग बाकीची अकरा वर्षं मला दोन अंशांनी दुरुस्त करावी लागतील."

मी म्हणालो, "आठवत नाही." दुसऱ्यांदा खोटं.

दोन दिवसांनी सुरगाण्याला गेलो. केंद्रावरचे जुने शिपाई सोमादादा अंगणात नागली पाखडत होते. मी विचारलं, "दादा, माझे वडील गेले तेव्हा पेटी कोणी उघडली होती?"

"कशानं उघडंल? किल्ली तर तुमच्या खिशात! कुंपणावर मैना बसायची, तिनं वाचलं आसंल तर नाय माहीत." ते हसले, मग थांबले. "एक दिस गारा पडल्या व्हत्या. लय गार झालेलं. मोहाची सारी फुलं झडली, म्हणून ध्यानात हाय."

"कोणता दिवस?"

"आता दिस कुठं आठवतो, साहेब."

म्हणजे त्या तेरा दिवसांत पेटीतला खरा आकडा कोणीच पाहिलेला नव्हता. मी पाहिला नाही आणि मॉडेलनंही पाहिला नाही. तरी दोघांनी एकच आकडा लिहिला; तोही मी अकरा वर्षं आधी, हलत्या एसटीत.

परतीच्या प्रवासात मला त्या चमत्काराची भीती वाटली नाही. भीती वेगळीच होती. गप्प राहिलो तर माझ्या तेरा दिवसांच्या थापांवरून अकरा वर्षांच्या खऱ्या नोंदी 'दुरुस्त' होणार होत्या.

अनघाला बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिनं आलेख पुढे ओढून त्या तेरा दिवसांवर बोट ठेवलं.

"मनानं लिहिलेत? सव्वीसच्या सव्वीस?"

"हो."

"काका, शक्यच नाही हे." मग तिनं बॅगेतून दुसऱ्या एका वर्षाचा तक्ता काढला, माझे आकडे झाकले आणि म्हणाली, "याचे लिहून दाखवा बरं."

मी डोळे मिटून दहा आकडे लिहिले. एकही जवळपास नव्हता. एक तर सहा अंशांनी चुकला. आम्ही दोघंही हसलो, पण तिचं हसू लवकर संपलं.

"हे तेरा दिवस मी काढून टाकते," ती म्हणाली. "पण खरं सांगा... आणखी किती दिवस तुम्ही पेटीपाशी गेला नव्हता?"

"एकही नाही. देवाशपथ."

तिनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला ते वाचता आलं नाही.

ते आकडे कसे जुळले, हे मला अजून कळलेलं नाही, तिलाही नाही. तुमच्यापैकी कोणी या विषयातलं असेल तर जरूर सांगा. पण त्याहून मला एवढंच जाणून घ्यावंसं वाटतं, की माझ्या बाकीच्या अकरा वर्षांवर त्या मुलीनं विश्वास ठेवला का... तेवढं तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.