सीटखालची नोंद

आमच्या ताईला बाजारात सगळे दाभण म्हणतात. अर्थात तोंडावर नाही. दाभण म्हणजे जाड कापड शिवायची वीतभर लांब सुई. ताईच्या हातात ती असतेच, आणि शहाणपण शिकवायला आलेल्या माणसाला ती जिभेवरही असल्याचं कळतं. गाड्यांच्या सीटा शिवणं हा तिचा धंदा. एकतीस वर्षं झाली.

आधी हे काम वडील करायचे. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ताई सतरा वर्षांची होती आणि मी सातवीत. ती त्यांच्या मशीनवर बसली म्हणून मी शाळेच्या बाकावर बसू शकलो. आज मी एका कचेरीत दप्तरखाना सांभाळतो. कुठला कागद कुठल्या कपाटात आहे ते झोपेतही सांगेन. लोक मला साहेब म्हणतात. हे साहेबपण ताईच्या सुईवर उभं आहे हे मी चारचौघांत अभिमानाने सांगतो, आणि घरी आलो की तिच्याशीच वाद घालतो.

यंदाच्या सुरुवातीला ताईचा गाळा असलेली इमारत पाडायची ठरली. मालकाने तीन महिन्यांची मुदत दिली. नव्या गाळ्यांची भाडी ऐकून मीच मटकन बसलो, ताई बसली नाही.

"दुकान नाही तर नाही," ती म्हणाली. "मशीन गाडीत टाकीन आणि गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन शिवीन."

त्यासाठी मोठ्या पोटाची गाडी हवी होती. मशीन, फोम, रेक्झिनचे गुंडाळे, सगळं मावेल अशी. नवी घेणं शक्यच नव्हतं. जुनी घ्यायची तरी एकतीस वर्षांची शिल्लक एका झटक्यात जाणार होती. ती गाडी फसवी निघाली असती तर शिल्लकही गेली असती आणि धंदाही. मग अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात रोजावर बसायचं. ताई ते करूच शकली नसती. तिला कोणी "जरा घट्ट शिवा बाई" म्हटलं असतं, तर त्या दिवशी काय झालं असतं ते सांगता येत नाही.

गाडी शोधायचं काम मी अंगावर घेतलं. फोनवर जाहिराती चाळता चाळता एक सापडली. गाडी दूरच्या शहरात, बसने नऊ तासांवर. एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली, एकाच माणसाच्या हातातली, आणि बदली झाल्यामुळे विकायची. मालकाने मला कागदांचे फोटो पाठवले. काय ते कागद! कुठे घडी नाही, डाग नाही, प्रत्येक तारीख जागच्या जागी. बावीस वर्षांच्या नोकरीत एवढं स्वच्छ दप्तर मी पाहिलं नव्हतं. मी विरघळलोच. संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय असं त्याने म्हणताच ताईला न विचारता माझ्या पगारातले पंधरा हजार त्याला टोकन म्हणून पाठवून दिले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

ताईला सांगितलं तेव्हा ती मशीनला तेल घालत होती.

"फोटो दाखव."

मी कागद पुढे केले.

"हे नाही. कागदावर कोणी बसत नाही. सीटा दाखव."

चोवीस फोटो होते. तिने चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि सगळे दोनदा पाहिले.

"मागच्या सीटा जुन्या आहेत. शेजारची पण जुनी. फक्त ड्रायव्हरची नवी शिवलीये."

"मग चांगलंच आहे की. गाडीची निगा राखतो माणूस."

"निगा राखणारा चारही करतो. एकच करणारा काहीतरी झाकतो." तिने फोन परत दिला. "आणि या दाराकडच्या कडेचा एकही फोटो नाही. माणूस चढता-उतरता तिथेच घासतो. एकसष्ट हजारांत ती कड बसत नाही."

मला राग आला. एवढ्या चोख कागदांपुढे हिची कड! मी तसं बोललोही. ताईने रेक्झिनच्या ठोक व्यापाऱ्याला फोन लावून त्या शहरात सीटा शिवणारा कोणी माहितीतला आहे का ते विचारलं. एक जण निघाला. ताईने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. पण तिने आपलं दुकान सांगितलं आणि समोरून आवाज आला, "बोला ताई." त्यांनी जाऊन गाडी पाहायचं कबूल केलं. मेहनताना किती ते ताईनेच आधी विचारलं आणि त्यांनी सांगितल्यावर लगेच पाठवला. त्या गादीवाल्या दादांना आम्ही आजही दादाच म्हणतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांनी गाडीपाशी उभं राहून व्हिडिओ कॉल लावला. मालकही शेजारी होता. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. दादांनी चार बोल्ट काढून ड्रायव्हरची सीट बाहेर घेतली आणि जमिनीवर पालथी घातली.

"दादा, खालचे हूक काढा," ताई म्हणाली. "फोमच्या पोटावर काय लिहिलंय ते वाचा."

मी तिला विचारलंच, फोमच्या पोटावर कोण काय लिहितं? तेव्हा तिने मला सांगितलं. सीट शिवून झाली की चांगला कारागीर कव्हर चढवायच्या आधी फोमच्या खालच्या अंगावर मार्करने तारीख लिहितो, गाडी किती चालली ते लिहितो आणि गिऱ्हाईकाची खूण टाकतो. उद्या कोणी भांडायला आलं, की परवाच शिवली आणि आजच फाटली, तर कव्हर उलटून दाखवायचं. वडीलही लिहायचे. नवं कव्हर शिवणारा जुन्या नोंदीला हात लावत नाही.

"तुझं दप्तर कपाटात," ताई म्हणाली, "आमचं लोकांच्या बुडाखाली."

दादांनी फोन खाली नेला. निळ्या शाईत कोणाचं तरी वाकडंतिकडं अक्षर दिसलं. चार वर्षांपूर्वीची तारीख, आणि पुढे आकडा: एक लाख चौदा हजार.

गाडीचा काटा मात्र एकसष्टवर होता. चार वर्षांत त्रेपन्न हजारांनी मागे गेलेली गाडी मी पहिल्यांदाच पाहत होतो. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी मुलांना सांगत आलोय. माझ्या पाचावर धारण बसली. मालकाचा गोडवा उतरला होता. गाडी विकायची नाही म्हणाला, सीट बसवा आणि चालते व्हा. टोकनाचं विचारलं तर म्हणाला, ते परत मिळत नसतं.

मी हात जोडायच्या बेतात होतो. ताई फोनजवळ सरकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, ऊन फार आहे. दमला असाल. सीट बसवायची घाई करू नका."

दादांना इशारा पुरला. त्यांनी सीट उलटून सरळ केली, भिंतीच्या सावलीत ठेवली आणि तिच्यावर ऐसपैस बसले. चारही बोल्ट खिशात. मालक एकदा गाडीकडे बघे, एकदा दादांकडे. ड्रायव्हरची सीट नसलेली गाडी त्याच्या काय कामाची? वीस मिनिटांत माझे पंधरा हजार परत आले. पैसे मिळाले असं मी सांगितल्यावर दादा उठले आणि त्यांनी सीट व्यवस्थित, चारही बोल्ट आवळून बसवून दिली. काम अर्धवट ठेवायची सवय नाही म्हणाले.

त्या दिवशी मी कान पकडले. ताई फक्त एवढंच म्हणाली, "जेवून घे आता."

पुढे आठवड्याभराने दादांचाच फोन आला. त्यांच्या ओळखीच्या एक निवृत्त नर्सबाई गाडी विकणार होत्या. त्यांच्या सीटा दादांनीच तीनदा शिवल्या होत्या आणि तिन्ही नोंदी फोमवर एकाखाली एक होत्या, आकडे चढत गेलेले. कागदांची मात्र दैना होती. गाडीच्या नोंदणी पुस्तकाचा कोपरा उंदराने खाल्लेला, त्यावर चहाचे डाग. मी नाक मुरडलं.

"आता तुझं काम," ताई म्हणाली. "माझं मी बघितलं. कागद तू बघ. पण स्वच्छ आहेत का ते नको बघू, खरे आहेत का ते बघ."

मी ते काम जीव ओतून केलं. आम्ही रात्रीच्या बसने गेलो. इंजिनावरचा नंबर, चासीवरचा नंबर, पुस्तकातला नंबर, तिन्ही एकेक आकडा बोट ठेवून ताडले. कर्ज फिटल्याचा दाखला बँकेत जाऊन विचारून घेतला. तिथल्या आरटीओ कचेरीत गाडी ताईच्या नावावर करायचे कागद सही होऊन दाखल झाले, पोच हातात पडली, तेव्हाच पैसे दिले. नर्सबाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं भावंडं फार चिकट आहात हो." आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

परत येताना ताईने गाडी चालवली. नऊ तासांच्या रस्त्यात मला एकदाही स्टिअरिंग दिलं नाही. मी शेजारी बसून तिचे हात बघत होतो. बोटांना घट्टे, अंगठ्याला दाभणाची जुनी खूण. मला इतका अभिमान वाटत होता की बोलायला गेलो असतो तर रडलो असतो, म्हणून घरापर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

दुसऱ्याच दिवशी, गाळा रिकामा करायच्या आधी, तिने तिथलं शेवटचं काम केलं. स्वतःच्या गाडीची ड्रायव्हरची सीट शिवली. बसल्यावर तिला बॉनेटचं टोक दिसत नव्हतं, म्हणून फोम दोन बोटं वाढवला. कव्हर चढवायच्या आधी तिने सीट पालथी केली. दादांच्या तीन नोंदींखाली जागा होती. तिने मार्कर माझ्या हातात दिला.

"तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मी तारीख घातली, काट्यावरचा आकडा घातला. मग विचारलं, "गिऱ्हाईकाच्या जागी काय लिहू?"

एकतीस वर्षांत तिने त्या जागी हजारो लोकांच्या खुणा टाकल्या होत्या. डॉक्टर, दूधवाला, पांढरी गाडी, उंच साहेब. तिने फोमवरून हात फिरवला.

"मालकीण लिही," ती म्हणाली. "आणि जरा मोठ्या अक्षरात."

मी इतक्या मोठ्या अक्षरात लिहिलं, की पुढच्या नोंदीला तिथे जागाच उरली नाही.