विक्कीला सोडायचं कसं

संघमित्रा सोशल वर्क शिकत होती आणि तिच्या बापाला, देवीदासला, हे शिक्षण मुळीच पटलं नव्हतं. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. पोरीनं बँकेची परीक्षा द्यावी, एवढंच त्याचं म्हणणं. "लोकाइच्या घरात डोकावाची डिग्री!" तो करवादायचा. "कावून पाह्यजे तुले हे?" संघमित्रा हसून सोडून द्यायची. पण शेवंताच्या घरात डोकावली त्या दिवसापासून तिचं हसू पार पळालं.

कॉलेजनं तिला मरोद्याची रुळांजवळची वस्ती दिली होती. घरोघरी जायचं, शाळेत न जाणारी मुलं शोधायची, दिसेल ते रेणू मॅडमना सांगायचं. वस्ती बहुतेक हिंदी बोलणारी, दारोदार "दीदी, बाद में आना" ऐकून तिचे कान किटले होते. शेवंताच्या घरात मात्र भिंतीवर बाबासाहेब दिसले आणि ती सहज "जय भीम, काकू" म्हणून गेली. झालं! चटई आली, चहा आला, बापाचं नाव विचारून झालं. "देवीदासभाऊची पोरगी हायस का वो तू? मंग तं आपलीच!" शेवंता स्टील प्लांटात ठेकेदाराकडे झाडूकाम करायची, नवरा वारलेला. चहा पिता पिता तिनं आवाज खाली आणला. "कोनाले सांगनार नाहीस ना?" आणि आपली ही शहाणी म्हणाली, "नाही वो काकू, कोनालेच नाही." काय आहे ते ऐकायच्या आधीच! असला शब्द देऊ नका म्हणून मॅडमनी वर्गात घसा कोरडा केला होता, तो सगळा वाया गेला.

शेवंतानं आतला पडदा सारला. खाटेच्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तिच्या विक्कीचा पाय. शाळेत जायच्या वयाचं पोरगं, पण बोलत नव्हतं, हाक मारली तरी बघत नव्हतं. मालगाडीचा आवाज आला की तेवढं रुळांकडे पळत सुटायचं. "ड्यूटीवर जातानी बांधतो अन् भायेरून कुलूप लावतो," शेवंता म्हणाली. "मंग का करू, तूच सांग."

संघमित्राला त्या रात्री जेवण गेलं नाही. सांगावं, तर पोराला आईपासून तोडून बालगृहात नेतील. न सांगावं, तर त्या कुलूपबंद खोलीत एखाद्या दिवशी काही पेटलं, काही चावलं, तर? आणि शब्द तर देऊन बसली होती. ऐन मे महिना होता. एका दुपारी ती एकटीच तिकडे गेली. दाराला कुलूप, आणि आत खाट सरकल्याचा धप धप आवाज. खिडकीतून हात घातला, पण पोचला नाही. विक्की ओरडत नव्हता, नुसता पाय ओढत होता. तिथंच तिचा धीर सुटला.

तरी आधी ती शेवंताकडेच गेली. "काकू, मले मॅडमले सांगा लागते."

"आपली समजून घरात घेतलं तुले!" शेवंता कडाडली. "माहं पोट्टं नेलं ना त्याइनं, तं तुह्याच दारात येऊन जीव देईन मी."

संघमित्रा रडत रडत परतली आणि दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं.

मग मॅडम आल्या, मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणारे एक साहेब आले, आणि मान खाली घालून मागे संघमित्रा. साहेब माणूस भला, पण खाटेची पट्टी बघून त्यांचा चेहराच बदलला. "पहले बच्चे को खोलो," म्हणत ते स्वतःच गाठ सोडू लागले.

"पहिले दार लावा!" शेवंता किंचाळली.

पण गाठ सुटली, आणि नेमका त्याच वेळी राजहऱ्याच्या खाणीकडून येणाऱ्या मालगाडीनं भोंगा दिला. विक्की साहेबांच्या काखेखालून निघाला तो थेट बाहेर. संघमित्रा धावली. चप्पल कुठं गेली, ओढणी कुठं गेली, कुणाला ठाऊक! रुळांलगतच्या गिट्टीवर तिनं त्याचा शर्ट धरला आणि त्याच्यासकट आडवी झाली. तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. तिनं सोडलं नाही. शेजारून मालगाडीच्या वाघिणींमागून वाघिणी खडखडत गेल्या, संपेचनात.

शेवंतानं येऊन पोराला मांडीत घेतलं, तेव्हा कुठं तो शांत झाला. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "नहीं ले जाएंगे," ते अखेर म्हणाले. मुलगा आईजवळच राहील, दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात जागेसाठी ते आजच बोलतील. पण बांधायचं नाही.

"आज का करू?" शेवंतानं विचारलं. "माही ड्यूटी हाय. गेलो नाही तं ठेकेदार काढून टाकते. कोनापाशी ठेवू?"

साहेब मॅडमकडे बघू लागले, मॅडम साहेबांकडे. संघमित्रानं हात पुढे केले.

शेवंता संध्याकाळी परतली तर दाराला आतून कडी. हाक मारल्यावर कडी निघाली, पण दार उघडायला वेळ लागला. संघमित्रा दारालाच पाठ लावून बसली होती. केस विस्कटलेले, मनगट सुजलेलं, विक्कीचा हात मुठीत.

"काकू, पहिले पानी दे," ती म्हणाली. "दिवसभर उठताच आलं नाही वो मले."