रतनरावांच्या मरणाची तालीम

रतनराव इंगळे माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत आणि दर मंगळवारी दुपारी चहाआधी मरत. हे मी थट्टेने सांगत नाही. त्या कार्यक्रमाला मी स्वतः हजर असे, कारण त्यात मलाही काम होतं.

रतनराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. हवालदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक येते, पण या गृहस्थांनी उभ्या नोकरीत बंदुकीपेक्षा स्टेपलर जास्त चालवला. ते पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होते. पलटण डोंगरात गेली की हेही टाइपरायटर घेऊन डोंगरात, वाळवंटात गेली की हेही वाळवंटात. कुणाची रजा, कुणाचा भत्ता, कुणाच्या बायकोचं नाव कागदोपत्री चुकलेलं, सगळं यांच्या टेबलावरून जायचं आणि बहुतेक वेळा परत यायचं. मूळचे बुलढाण्याकडचे. निवृत्तीनंतर वारज्यात फ्लॅट घेतला, काही वर्षं एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होते, मग घरीच. मुलगा अभय बंगळूरला नोकरीला. घरात हे आणि चंद्रभागा.

चंद्रभागा म्हणजे त्यांची बायको. मार्केट यार्डात गोणीभर कांद्यासाठी व्यापाऱ्याशी तासभर हुज्जत घालणारी ही बाई, पण समोर टेबल, टेबलामागे माणूस आणि माणसाच्या हाताशी शिक्का दिसला की हिची बोबडी वळायची. बँकेतसुद्धा ती आत यायची नाही, दारात पिशवी सांभाळत उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "ते बघतात ना सगळं."

तेच तर रतनरावांच्या जिवाला लागलं होतं. येरवड्याला त्यांचा एक जुना जोडीदार होता, तो गेला. माजी सैनिक वारला की त्याच्या बायकोला अंत्यविधीसाठी सरकारकडून थोडी मदत मिळते. थोडी म्हणजे अगदी थोडी, लग्नात जवळच्या नातेवाइकाने आहेर करावा तेवढी. त्या जोडीदाराची बायको वेणूबाई ती मागायला गेली. आज हा कागद नाही, उद्या तो साहेब नाही, परवा नावात फरक. शेवटी वेणूबाई म्हणाली, राहू द्या तुमचे पैसे, माणूसच गेला. आणि घरी बसली.

हे ऐकून रतनराव माझ्याकडे आले. रागाने लाल झालेले.

"राहू द्या कसं म्हणते ती? तिच्या नवऱ्याचा हक्क आहे तो! आणि आमची तर वेणूबाईंच्या दहापट भित्री. ही खिडकीपर्यंतसुद्धा पोचायची नाही."

"मग अभय जाईल," मी म्हणाले.

"अभयला रजा मिळणार आहे का? मॅडम, क्लार्कवर कधी भरवसा ठेवू नये. मी होतो ना क्लार्क! हिला तयार करायला पाहिजे. फौजेत कुठलीही गोष्ट तालमीशिवाय होत नाही. आणि त्यासाठी मला तुमचा चेहरा पाहिजे."

"माझा काय पाहिजे?"

"चेहरा. तुमच्याकडे बघितलं की माणसाला वाटतं, आज आपलं काम होणार नाही."

मी तीस वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत, त्यामुळे यात खोटं काही नव्हतं. तरी कुणी तोंडावर असं बोलतं का? मी दार लावून घेतलं. पण मंगळवारी गेलेच. दुपारी दुसरं होतं काय मला? टीव्हीवरच्या सुना बघण्यापेक्षा हे बरं.

त्यांच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ताटं सरकवायला एक खिडकी आहे. मला आत ओट्यापाशी स्टुलावर बसवलं. हातात शिक्का म्हणून बटाटा दिला. चंद्रभागा हॉलमध्ये रांगेत उभी. तिच्यापुढे रांगेतला माणूस म्हणून स्वतः रतनराव. त्यांनी आपलं काम आटपलं, म्हणजे मी त्यांना दोन कागद कमी आहेत म्हणून हाकलून दिलं, आणि ते दिवाणावर जाऊन बसले. तिथे गेल्यावर ते मयत.

चंद्रभागा खिडकीशी आली.

"काय काम आहे?" मी खेकसले.

"ते... यांचं..."

"यांचं म्हणजे कुणाचं?"

"आमच्या यांचं."

"काय झालं त्यांना?"

तिने पदर तोंडाला लावला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, "गावाला गेलेत."

"मग आल्यावर पाठवा," मी म्हणाले आणि बटाटा आपटला.

ती गर्रकन दिवाणाकडे वळली. "अहो, सांगा ना तुम्हीच!"

"मला काय विचारतेस?" रतनराव ओरडले. "मी मेलोय!"

पहिली तालीम इथेच संपली. चहा झाला.

पुढे कित्येक मंगळवार गेले, पण गाडी त्या एका वाक्याशी अडली ती अडलीच. कागदांची नावं तिला पाठ झाली. डिस्चार्ज बुक कुठलं, पेन्शनचा कागद कुठला, डोळे मिटून काढायची. मी त्रुटी काढायची, ती फाइल घेऊन दिवाणाकडे जायची, रतनराव कागद ठीक करून द्यायचे, ती परत यायची. यात तिला अगदी गंमत वाटायला लागली. पण "माझे मालक वारले" एवढं मात्र तिच्या तोंडून निघेना. गावाला गेलेत, बाहेर गेलेत, झोपलेत, एकदा तर चक्क "आता नाहीत, नंतर फोन करा" म्हणाली.

"मले नाही जमत ताई," ती मला जिन्यात म्हणाली. "माणूस समोर बसून चहा पिऊन राहिला अन् मी म्हणू मेला? जिभेला काही वाटलं पाहिजे."

मी हे रतनरावांना सांगितलं. ते उठून दिवाणापाशी गेले. मग म्हणाले, "मी समोर दिसतो हाच घोटाळा आहे." पुढच्या मंगळवारपासून ते दिवाणावर आडवे पडून डोक्यावरून पांढरी चादर घ्यायला लागले.

याचा परिणाम चंद्रभागेवर काही झाला नाही, पण कुरिअरवाल्यावर झाला. दार उघडंच होतं. त्याने चादर बघितली, पाकीट उंबऱ्यावर टाकलं आणि खाली वॉचमनला जाऊन सांगितलं. वॉचमनने आमचे चेअरमन हिंमतराव यांना सांगितलं. हिंमतरावांना सोसायटीच्या ग्रुपवर पहिली बातमी आपण द्यायची फार हौस. आम्ही चहा घेत असतानाच फोन वाजायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली, हात जोडलेले, विझलेल्या पणत्या, एकाने तर घाईत वाढदिवसाचा केकच पाठवला. रतनरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि प्रत्येकाला "धन्यवाद, आपला रतन इंगळे" असं उत्तर टाकलं. हिंमतराव चार दिवस तोंड लपवून फिरत होते.

मध्ये एकदा रतनराव सैनिक कल्याणच्या खऱ्या कचेरीत पाहणी करूनही आले. तिथल्या खिडकीवर जाऊन त्यांनी विचारलं, "मी मेल्यावर कुठे यायचं?" खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "तुम्ही येऊ नका. मिसेसना पाठवा." रतनरावांना हे उत्तर फार आवडलं. "क्लार्क असावा तर असा," म्हणाले. घरी येऊन त्यांनी फाइल अशी लावली की विचारू नका. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स. मृत्यूच्या दाखल्याचं पाकीट तेवढं रिकामं, त्यावर चिठ्ठी: येणे बाकी.

मी वैतागून एकदा म्हणाले, "रतनराव, त्या चार पैशांसाठी किती हा खटाटोप! तुमच्या पेन्शनमध्ये तिचं भागेल की."

ते शांतपणे म्हणाले, "पैशाचं नाही हो. मी गेल्यावर हिला पहिल्याच खिडकीवरून कुणी परत पाठवलं, तर ही पुन्हा कुठल्याच खिडकीवर जायची नाही. मग पेन्शन नाही, बँक नाही, दवाखाना नाही. दार लावून बसेल वेणूबाईंसारखी. मला तेवढीच एक भीती आहे." खरं सांगायचं तर मला हेवा वाटला. माझ्या काळजीने कुणी असं चादरीखाली पडलं नव्हतं.

जानेवारीतला मंगळवार होता. मला यायला उशीर झाला. चंद्रभागा दारातच म्हणाली, "या, ते केव्हाचे पडलेत. आज फारच मनावर घेतलंय." चादर आज छातीपर्यंतच होती. तिने फाइल घेतली, मी आत जाऊन स्टुलावर बसले, बटाटा घेतला.

"काय काम आहे?"

"गावाला गेलेत," ती म्हणाली आणि हसत दिवाणाकडे बघितलं. रतनराव ओरडले नाहीत. "अहो, रागावले काय? बरं, म्हणते आज. उठा तर आधी, चहा टाकते."

मी स्टुलावरून उठून बाहेर गेले. त्यांच्या हाताला हात लावला. मग मी अभयला फोन केला, डॉक्टरांना केला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. तिथे लोकांनी अंगठे पाठवले. हिंमतरावांनी लिहिलं, "या वेळी फसणार नाही! तालमीला शुभेच्छा." त्यांना खाली जाऊन दंडाला धरून वर आणावं लागलं. वर आले आणि बिचारे भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडले.

अभय आला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, स्मशानात सगळं नीट पार पडलं. चंद्रभागा रडली नाही. आलेल्यांना पाणी द्यायची, सतरंजी झटकायची. कुणी विचारलं, "कसं झालं हो?" तर म्हणायची, "पडले होते जरा." मला तिची धास्ती वाटायला लागली होती.

महिन्याभराने मृत्यूचा दाखला मिळाला. अभय म्हणाला, "आई, ऑनलाइन होतं आता सगळं. मी बंगळूरवरून अपलोड करतो."

"काही नको," ती म्हणाली. इतक्या ठाम आवाजात मी तिला कांद्याच्या भावाखेरीज कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "मी जाते. त्यांनी मले शिकवलंय."

मी बरोबर गेले, पण ठरलं होतं की मी तोंड उघडायचं नाही. कचेरीत रांग होती. खिडकीवर जुना माणूस नव्हता, एक तरुण मुलगी होती, कपाळावर चष्मा. मी तिचा चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, ही काही क्लार्क नव्हे, ही तर हसते.

चंद्रभागेचा नंबर आला. तिने घसा साफ केला. मुलगी म्हणाली, "या आजी. अंत्यविधीची मदत ना? द्या फाइल." म्हणजे ते वाक्य म्हणायची वेळच आली नाही. मुलीने पानं उलटली, एक सही घेतली, शिक्का मारला, पोच दिली. "झालं आजी. पैसे खात्यात येतील."

"झालं?" चंद्रभागा म्हणाली.

"झालं."

ती जागची हलली नाही. "नीट बघ बाई. एखादा कागद कमी असेल. झेरॉक्स?"

"काही कमी नाही. इतकी चोख फाइल इथे कुणी आणत नाही. कुणी लावून दिली?"

"यांनी."

"मग घरी गेल्यावर त्यांना सांगा हं, मॅडमनी कौतुक केलं म्हणून."

चंद्रभागेने मान डोलावली. मग खिडकीत वाकून अगदी काकुळतीला येऊन म्हणाली, "एक तरी त्रुटी काढ ना माय. कसलीही काढ. घरी घेऊन जाते, ते लगेच ठीक करून देतील. मी पुन्हा येईन. रोज येईन."

मुलीने अर्जाकडे बघितलं, अर्जावरच्या मयताच्या नावाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी कबूल केलेलं मोडलं आणि चंद्रभागेचा दंड धरला.

"चंद्रभागा, घरी कोण आहे गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे वळली आणि नीट, मोठ्याने, शिकवलं होतं तसं म्हणाली, "माझे मालक वारले."

आणि तिथेच खाली बसून ती रडायला लागली. महिनाभराचं सगळं रडली. खिडकीतली मुलगी दार उघडून बाहेर आली आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्याशेजारी फरशीवर बसली. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती, ती मी पुसली नाही.

रांगेतल्या कुणीतरी मागून विचारलं, "अहो, झालं का त्यांचं? किती वेळ लागेल?"

मी वळून म्हणाले, "लागेल तेवढा."